"उजवा ब्रेक जरा मऊ आहे": छोट्या विमानाचा एक अपघात आणि त्यामागची देखभाल

कागदी विमान (धागाकर्ता)

मोठ्या विमानांच्या अपघातांवर शंभर-शंभर प्रतिसादांचे धागे निघतात. छोट्या विमानांचे अपघात कुणाच्या खिजगणतीत नसतात, कारण बहुतेकदा माणसं वाचतात, विमान वाकतं आणि विषय विम्याच्या फायलीत जातो. त्यातलाच एक इथे मांडतो. फ्लाइंग क्लब कुठला आणि वैमानिक कोण ते विचारू नका, सांगणार नाही.

विमान चार आसनी, एका इंजिनाचं, वरच्या पंखाचं. क्लबचं, म्हणजे प्रशिक्षणालाही वापरायचं आणि सभासदांना भाड्यानेही द्यायचं. हवा स्वच्छ, धावपट्टी कोरडी, वारा थोडासा पाठीमागून. वैमानिक नवखा नव्हता. फायनलवर, म्हणजे उतरण्याआधीच्या शेवटच्या सरळ टप्प्यात, वेग जरा जास्त राहिला, विमान तरंगत गेलं आणि नेहमीपेक्षा पुढे टेकलं. इथवर जे झालं ते रोज कुठे ना कुठे होतच असतं. मग त्याने दोन्ही ब्रेक दाबले. डावा लागला, उजवं पेडल थेट तळाला गेलं. विमान डावीकडे ओढलं गेलं. त्याने उजवा रडर (शेपटीवरचं सुकाणू) पूर्ण भरला, पण तोवर वेग इतका उतरला होता की रडरला हवाच पुरेना. विमान धावपट्टी सोडून गवतात शिरलं आणि पुढे पाण्याच्या चरात. पुढचं चाक मोडलं, प्रॉपेलर जमिनीला लागला. दोघंही स्वतःच्या पायांनी बाहेर आले.

नंतर चाक उघडलं. उजव्या ब्रेकचं लायनिंग (डिस्कवर दाबलं जाणारं अस्तर) रिव्हेटपर्यंत झिजलेलं, डिस्कवर गोल चरे. कॅलिपरचा, म्हणजे लायनिंग डिस्कवर दाबणाऱ्या भागाचा, पिस्टन इतका बाहेर सरकलेला की त्याची ओ-रिंग (तेल अडवणारी रबरी कडी) जागेवरून सुटली होती. टायरच्या आतल्या बाजूला तेल, आणि ती ओ-रिंग फुगलेली, बोटाने दाबली तर लिबलिबीत.

त्याआधीच्या काही आठवड्यांत हे विमान उडवलेल्या लोकांशी बोलणं झालं. जवळपास प्रत्येकाने तेच सांगितलं: "हो, उजवा जरा मऊ होता, दोन-तीनदा पंप केला की यायचा." टेक लॉगमध्ये (विमानाच्या बिघाडांची नोंदवही) मात्र ब्रेकबद्दल एक ओळ नाही. माझं म्हणणं असं की अपघात झाला त्या दिवशी ब्रेक गेला नाही, तो आधीच गेला होता. पंप करायची सवय सगळ्यांना लागली होती म्हणून तो चालल्यासारखा वाटत होता.

तिरकस

वैमानिकाला इतक्या सहज सोडू नका. वेग जास्त, वारा पाठीमागून, टेकला उशिरा. ब्रेकला पाय लागायच्या आधीच तीन गोष्टी बिघडल्या होत्या. थांबताना जिरवायची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, हे शाळेतलं गणित आहे. जमिनीवरचा वेग ६० नॉटऐवजी ७० नॉट असेल तर ऊर्जा ३६ टक्क्यांनी वाढते. हजार-अकराशे किलोच्या विमानाच्या बाबतीत हा फरक जवळजवळ दोन लाख ज्यूलचा. तो सगळा त्या दोन इवल्याशा डिस्कमध्ये उष्णता बनून जायचा. त्याने गो-अराउंड केलं असतं, म्हणजे न उतरता परत वर गेला असता, तर हा धागा निघालाच नसता.

चष्मेवाली

मी उडवत नाही, फक्त खिडकीशी बसते. तरी विचारते. दोन ब्रेक वेगवेगळे कसे? एकच दाबला तर दुसरा लागत नाही का? आणि पुढच्या चाकाला ब्रेक नसतो?

पाना पक्कड

ताई, प्रश्न अगदी मुळाला हात घालणारा आहे, म्हणून जरा सविस्तर.

बहुतेक छोट्या विमानांत ब्रेक फक्त मागच्या दोन मुख्य चाकांना असतात, पुढच्याला नाही. पायाशी जी दोन पेडलं असतात ती पूर्ण पुढे ढकलली की रडर हलतो. त्यांचाच वरचा भाग चवड्याने दाबला की त्या बाजूच्या चाकाचा ब्रेक लागतो. डाव्या पेडलाचा मास्टर सिलिंडर (ब्रेककडे तेल ढकलणारा) वेगळा, उजव्याचा वेगळा. सेस्ना १७२ मध्ये तर तेलाची टाकीही प्रत्येक सिलिंडरच्या पोटातच असते. हे मुद्दाम केलेलं आहे, कारण जमिनीवर वळताना एकाच बाजूचा ब्रेक उपयोगी पडतो. सिरस एसआर-२२ किंवा डायमंड डीए-४० मध्ये पुढचं चाक मोकळं फिरतं, तिथे हळू वेगात वळायला ब्रेकशिवाय गत्यंतर नाही. त्यामुळे अशा विमानांत लांब टॅक्सी करताना (जमिनीवर विमान चालवत नेताना) लोक नकळत ब्रेकवर पाय ठेवून राहतात आणि ब्रेक तापतात.

या रचनेची दुसरी बाजू म्हणजे वरचा अपघात. एक बाजू गेली की दुसरी विमानाला स्वतःकडे ओढते. उजवा गेला म्हणून विमान डावीकडे गेलं, हे बरोबरच.

आता पंप केल्यावर पेडल का यायचं? नळीत हवा असली किंवा लायनिंग झिजून पिस्टनला जास्त अंतर जायचं असलं की पहिल्या दाबाचं तेल तेवढ्यातच खर्ची पडतं. पेडल सोडलं की मास्टर सिलिंडर टाकीतून नवीन तेल ओढतो, दुसऱ्या-तिसऱ्या दाबाला दाब तयार होतो. उभ्या विमानात हे करायला वेळ असतो. ५० नॉटने धावपट्टी संपत येताना नसतो. आणि टॅक्सी करतानाच्या ब्रेक चेकवर फार विसंबू नका. चालण्याच्या वेगाला विमान थांबवायला जवळजवळ काहीच ऊर्जा जिरवावी लागत नाही. ब्रेक अगदीच मेलेला नाही, एवढंच त्यातून कळतं.

> लायनिंग रिव्हेटपर्यंत झिजलेलं

क्लीव्हलँड कंपनीच्या बऱ्याच ब्रेकांत लायनिंगची किमान जाडी ०.१०० इंच आहे, म्हणजे साधारण अडीच मिलिमीटर. त्याखाली गेलं की बदलायचं. "पुढच्या इन्स्पेक्शनला बघू" हा पर्याय नाही. कारण झीज वाढत गेली की पिस्टन बाहेर बाहेर येत जातो. एका मर्यादेपलीकडे त्याची ओ-रिंग सिलिंडरच्या बाहेर पडते आणि सगळं तेल एका दाबात जातं. तिथे हळूहळू कमी होणं वगैरे नाही. आधीचं लँडिंग ठीक, पुढच्याला पेडल तळाला.

एक विचारतो. विमानाला स्पॅट (चाकांवरची आवरणं) होते का?

कागदी विमान (धागाकर्ता)

हो, तिन्ही चाकांवर. म्हणजे उडण्याआधी विमानाभोवती फेरी मारणाऱ्याला लायनिंग दिसायची सोयच नव्हती. खाली वाकून टॉर्च मारली तर आतून थोडं दिसतं, पण टॉर्च घेऊन कोण वाकतो?

तिरकस यांना: गो-अराउंडबद्दल पूर्ण सहमत. पण हँडबुक उघडा. सेस्ना १७२ एसचं समुद्रसपाटीला, शांत वाऱ्यात, कोरड्या पक्क्या धावपट्टीवरचं शॉर्ट फील्ड (आखूड धावपट्टीच्या पद्धतीचं) लँडिंग ५७५ फूट धावेचं आहे, ५० फुटांच्या अडथळ्यावरून मोजलं तर १३३५ फूट. त्याच पानावर लिहिलेलं असतं की ब्रेक पूर्ण जोराने वापरले आहेत. म्हणजे हा आकडा धडधाकट ब्रेकांचा आहे. म्हणूनच ब्रिटनचं विमान वाहतूक प्राधिकरण खासगी वैमानिकांना लँडिंगचं अंतर १.४३ ने गुणायला सांगतं. आपल्या या विमानाचे ब्रेक कोणत्या पानावर बसत होते? वैमानिकाने हिशेब केला असता तरी तो या विमानाचा हिशेब झाला नसता.

वाकडी शेपटी

टेलड्रॅगरवाला (शेपटीला चाक असलेलं विमान उडवणारा) बोलतोय, म्हणून पक्षपाती समजा. छोट्या विमानाला ब्रेकची गरजच काय, असं मानणाऱ्यांपैकी मी आहे. योग्य वेगाने टेकवा, नाक वर धरून हवेलाच विमान थांबवू द्या, हजार मीटरची धावपट्टी असेल तर ब्रेकला हातही लावावा लागत नाही. हात म्हणजे पाय.

पण म्हणूनच एक सांगतो. आमच्या शेपटीच्या चाकवाल्या विमानांत गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो. एका बाजूचा ब्रेक अचानक जास्त लागला की शेपटी पुढे यायला बघते आणि ग्राउंड लूप होतो, म्हणजे विमान जमिनीवरच गर्रकन फिरतं. त्यामुळे आम्हाला शिकवतात की विमान ओढलं गेलं तर पहिली गोष्ट ब्रेक सोडणं. चांगल्या बाजूचा ब्रेक दाबून ठेवला तर ओढ वाढतच जाते. सोडला की निदान सरळ जाता येतं, धावपट्टी संपली तरी सरळ संपते. सरळ गेलेलं विमान आणि आडवं गेलेलं विमान यांत खर्चाचा फरक फार मोठा.

आणि ब्रेक गेल्याचं हवेतच कळलं असेल तर मग घाई कसली? सगळ्यात लांब धावपट्टी, समोरचा वारा, पूर्ण फ्लॅप, सुरक्षित असेल तितका कमी वेग, अगदी सुरुवातीला टेकणं. टॉवरला सांगून ठेवायचं. लँडिंगपूर्वीच्या चेकमध्ये काही ठिकाणी पेडलं दाबून बघायला शिकवतात ते याचसाठी. पेडल दाबल्यावर कडक लागलं पाहिजे, आणि मग पाय खाली घ्यायला विसरायचं नाही. ब्रेक लावलेल्या चाकांवर उतरलात तर टायर फुटतात.

पाना पक्कड

वाकडी शेपटी यांचं "ब्रेकची गरजच काय" हे वाक्य नवशिक्यांनी वाचू नये अशी माझी विनंती. बाकी सगळं सोन्यासारखं आहे. रडर संपल्यापासून विमान उभं राहीपर्यंतचा जो टप्पा असतो तिथे दुसरं काही हाताशी नसतं. आडवा वारा असला की तर नाहीच.

आता त्या फुगलेल्या ओ-रिंगबद्दल. मला खरं कारण तिथे दिसतंय. कोणतं तेल भरलं होतं ते तपासलं का?

कागदी विमान (धागाकर्ता)

तपासलं. लॉगबुकात "ब्रेक फ्लुइड टॉप अप" एवढंच. कोणतं, ते नाही. सिलिंडरमधून निघालेलं तेल लाल नव्हतं, पिवळसर होतं. हँगरच्या फळीवर गाडीच्या ब्रेक फ्लुइडचा अर्धा डबा सापडला.

पाना पक्कड

झालं तर मग.

या विमानांत जे तेल चालतं ते मिल-एच-५६०६ नावाचं, खनिज तेलावर आधारित, मुद्दाम लाल रंगवलेलं. त्याला साजेशा ओ-रिंग नायट्राइल रबराच्या असतात. गाडीतलं डॉट-३, डॉट-४ हे ग्लायकॉल जातीचं. ते नायट्राइलला लागलं की रबर फुगतं, मऊ पडतं. उलटंही खरं आहे, गाडीच्या ब्रेकमधलं ईपीडीएम रबर खनिज तेलात फुगतं. नाव दोन्हीचं "ब्रेक ऑइल", म्हणून घोटाळा. आणि मोठ्या जेटमधलं जांभळं स्कायड्रॉल तर आणखी तिसरंच, तेही नायट्राइलला खातं. काही हलक्या विमानांत कारखान्यातूनच डॉट-४ वर चालणारे ब्रेक येतात, त्यामुळे "विमान म्हणजे लाल तेल" हेही पाठ करू नका. मॅन्युअल उघडा, टाकीवरचं लेबल वाचा.

माझा अंदाज असा. उजव्या बाजूला थोडी गळती असेल, कुणीतरी हाताला आलेल्या डब्यातून भर घातली. कॅलिपरची ओ-रिंग फुगली, पिस्टन पूर्ण मागे येईना. लायनिंग डिस्कला घासत राहिलं. घासलं म्हणून तापलं, तापलं म्हणून झीज वाढली, रबरही आणखी बिघडलं. म्हणूनच एकच बाजू एवढी खलास आणि दुसरी ठणठणीत. टॅक्सी करताना विमान उजवीकडे ओढतंय असं कुणी म्हणालं होतं का? किंवा नेहमीपेक्षा जास्त पॉवर लागतेय?

कागदी विमान (धागाकर्ता)

एकजण म्हणाला होता. वाऱ्यावर ढकललं.

शेवटची रांग

घासणारा ब्रेक ही किरकोळ गोष्ट नाही, हे मोठ्या विमानांनी फार महागात शिकवलंय. ३१ मार्च १९८६ ला मेक्सिकानाचं ९४० क्रमांकाचं बोइंग ७२७ उड्डाणानंतर पडलं, १६७ माणसं गेली. ब्रेक अतिशय तापलेला आणि टायरमध्ये नायट्रोजनऐवजी साधी हवा. टायर आत फुटला आणि इंधनाच्या, हायड्रॉलिकच्या नळ्या तोडून गेला. ११ जुलै १९९१ ला जेद्दाहून निघालेलं नेशनएअरचं डीसी-८ तर नुसत्या टायरच्या हवेपायी गेलं. हवा कमी आहे हे मेकॅनिकांना माहीत होतं, पण वेळापत्रकापुढे ते राहून गेलं. २६१ जण.

या धाग्यातल्या विमानाशी तुलना नाही करत. पण "माहीत होतं, तरी उडवलं" हे दोन्हीकडे सारखंच.

तिरकस

ठीक आहे, ओ-रिंगचं ऐकल्यावर माझा सूर थोडा खाली आणतो. तरी एक सांगा. वैमानिकाला उजवा मऊ आहे हे त्या दिवशी माहीत होतं की नव्हतं? माहीत असूनही पाठीमागच्या वाऱ्यात उतरला असेल तर मी माझ्या पहिल्या प्रतिसादावर परत जातो.

कागदी विमान (धागाकर्ता)

निघताना त्याला थोडा मऊ लागला होता. पंप केला, आला, निघाला. आधी उडवणाऱ्याने तोंडी सांगितलं होतं की "ते तसंच आहे". आता यात त्याचा दोष किती आणि आधीच्या सगळ्यांचा किती, हे मला सांगता येत नाही. आंतरराष्ट्रीय नियमांत, परिशिष्ट १३ मध्ये, अपघाताच्या तपासाचा हेतू पुढचे अपघात टाळणं हा आहे, दोष वाटणं नाही, असं स्पष्ट म्हटलंय. तपास करणाऱ्यांना ते जमतं. क्लबच्या कँटीनमध्ये जमत नाही. आणि क्लबचं विमान म्हणजे बारभाईचा कारभार. स्वतःच्या मालकीचं असतं तर यातल्या एकानेही महिनाभर पंप करत उडवलं नसतं.

नवं पान

मी शिकतोय, सोलोच्या (एकट्याने उडवण्याच्या) आसपास. हे वाचून घाबरलो आहे. फेरी मारताना नक्की काय बघू? माझ्या प्रशिक्षकाने "ब्रेक, टायर बघ" एवढंच सांगितलंय.

पाना पक्कड

घाबरू नका, वाका.

चाकाच्या आतल्या बाजूला, कॅलिपरवर, खालच्या जमिनीवर तेल आहे का बघा. विमान जिथे उभं होतं ती जागासुद्धा बघा, ते हलवल्यावर. नळी जिथे पायाला बांधलेली असते तिथे ती घासलेली, चिरलेली नाही ना. लायनिंग दिसत असेल तर जाडी बघा, अडीच मिलिमीटरचं ड्रिल बिट बाजूला धरलं की डोळ्यांना माप मिळतं. डिस्कवर खोल चरे किंवा गंजाचे खड्डे नकोत. वापरात नसलेल्या विमानाच्या डिस्कवर गंज चढतो आणि पहिल्या काही लँडिंगमध्ये तोच लायनिंग खरवडून काढतो. कॅलिपर हाताने किंचित हलला पाहिजे, तो आपल्या पिनांवर सरकतो. पिना गंजून अडकल्या की एकच लायनिंग झिजतं.

आत बसल्यावर पेडलं एकेक दाबा. दोन्ही सारखी आणि कडक लागली पाहिजेत. दाबून धरल्यावर हळूहळू खाली बसत असेल तर आतल्या आत गळतंय. स्पंजासारखं लागत असेल तर हवा आहे. हवा काढताना आम्ही बहुतेकदा खालून, कॅलिपरकडून वर तेल ढकलतो, कारण बुडबुडे वर जायलाच बघतात. ते काम तुमचं नाही, पण हवा आहे हे सांगणं तुमचं आहे.

आणखी एक, कुणी सांगत नाही म्हणून. लायनिंग नुकतं बदललं असेल तर ते बसवून घेतलंय का विचारा. क्लीव्हलँडच्या ऑरगॅनिक लायनिंगसाठी पद्धत दिलेली आहे: १७०० आरपीएम ठेवून, ब्रेक दाबत, ताशी ५ ते १० मैलांच्या वेगाने सुमारे १५०० फूट टॅक्सी, मग १० ते १५ मिनिटं थंड होऊ द्यायचं. त्याने लायनिंगवर पातळ चकाकी चढते. हे न केलेला कोरा ब्रेक पहिल्याच लँडिंगला निराशा करतो आणि लोक म्हणतात, नवीन टाकले तरी लागत नाहीत.

चष्मेवाली

आणि पावसात? ओल्या धावपट्टीवर हे सगळं ठीक असलं तरी घसरतातच ना?

वाकडी शेपटी

घसरतात. टायर पाण्यावर तरंगायला लागायचा वेग काढायला एक जुनं सूत्र आहे: टायरमधल्या दाबाचं पीएसआयमधलं वर्गमूळ, गुणिले ९, उत्तर नॉटमध्ये. छोट्या विमानाच्या टायरमध्ये २९ पीएसआय धरा, उत्तर येतं साधारण ४८ नॉट. म्हणजे धावपट्टीवर पाणी साचलेलं असेल तर टेकल्या टेकल्या ब्रेक दाबून काही उपयोग नाही, उलट चाक अडकेल. टायरमध्ये हवा कमी असेल तर हा वेग आणखी खाली येतो. बघा, परत देखभालच.

नवं पान

पण समजा मला मऊ लागलं आणि मी स्नॅग (बिघाडाची नोंद) लिहिला. विमान उभं राहणार, पुढच्या चौघांचं बुकिंग जाणार. मी शिकाऊ. माझ्यावरच सगळे उखडणार.

कागदी विमान (धागाकर्ता)

उखडतील. लिहा.

मात्र "ब्रेक मऊ" एवढंच लिहू नका. अशा नोंदीसमोर दुसऱ्या दिवशी "जमिनीवर तपासला, समाधानकारक" असा शेरा येतो आणि विमान परत उडतं, कारण तपासणाऱ्यानेही पंप केलेला असतो. असं लिहा: उजवं पेडल पहिल्या दाबाला तळापर्यंत, तिसऱ्या दाबाला कडक, डावं सामान्य, इंजिन सुरू करण्याआधी. असं लिहिल्यावर समाधानकारक म्हणायला त्यालाही पहिल्या दाबालाच कडक पेडल दाखवावं लागतं.

पाना पक्कड

हे मी हँगरमध्ये चिकटवणार आहे. आमच्यातलेही काही "समाधानकारक"चा शिक्का खिशात घेऊन फिरतात, ते खरं आहे.

एक राहिलं. तो डबा एकाच विमानासाठी उघडला गेला असेल असं मला वाटत नाही. बाकीच्या विमानांचं काय?

कागदी विमान (धागाकर्ता)

हाच प्रश्न क्लबच्या इंजिनिअरने विचारला आणि बाकीची विमानंही उघडली. आणखी एका विमानात पिवळसर तेल निघालं, दोन्ही बाजूंना. ब्रेक अजून कडक लागत होते, कुणाची तक्रार नव्हती. मास्टर सिलिंडर आणि कॅलिपर खोलून सगळ्या ओ-रिंग बदलल्या, नळ्या धुतल्या, लाल तेल भरलं. फळीवरचा डबा गेला. टाक्यांवर कोणतं तेल ते लिहिलेलं लेबल आलंय आणि टॉप अपच्या नोंदीत तेलाचं नाव लिहिल्याशिवाय सही करायची नाही असं ठरलंय. स्पॅट काढायचे की ठेवायचे यावर अजून भांडण चालू आहे, कारण ते काढले की दोन-तीन नॉट जातात.